पाया, इमला आणि कडब्याची कोप

समाजाला पाच पायऱ्या असतात असं नरहरराव सरांनी सांगितलं, तेव्हा गावात कुणाची हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की आमच्या समाजमंदिराला तीनच होत्या. मंजूर पाच झाल्या होत्या. ठेकेदारानं तीन बांधल्या आणि दोन खाल्ल्या. त्यामुळं तिसऱ्या पायरीवर उभं राहिलं की दाराचा उंबरा कमरेला लागायचा, आणि कुणीतरी वर ढकलल्याशिवाय बुद्धाच्या फोटोपर्यंत पोचता यायचं नाही.

"पहिली पायरी, आदिम साम्यवाद!" सर पहिल्या पायरीवर उभे राहून सांगायचे. "सगळे मिळून शिकार करायचे, सगळे मिळून खायचे. दुसरी, गुलामगिरी. तिसरी, सरंजामशाही. एकजण जमिनीचा मालक, बाकीचे त्याच्या जमिनीत राबणारे. आपलं गाव आज इथं आहे." तिसऱ्या पायरीवर ते पाय आपटायचे. ठेकेदाराच्या कृपेनं ती आतून पोकळ होती, आवाज मोठा यायचा. "चौथी भांडवलशाही, पाचवी साम्यवाद!" असं म्हणून हवेत दोनदा बोट नाचवायचे. "आणि लक्षात ठेवा, मधली पायरी गाळून कुणालाच वर जाता येत नाही!"

मग ऐकायला बसलेला भीमराज खाली वाकायचा, सर त्याच्या खांद्यावर पाय द्यायचे आणि चौथी-पाचवी एकदमच ओलांडून आत जायचे.

सर बिदरला मैलूरमध्ये राहायचे आणि कॉलेजात इतिहास शिकवायचे. रविवारी सुट्टी असल्यामुळं त्या दिवशी इतिहास घडवायला आमच्या गावाला यायचे. आमचं गाव बिदर जिल्ह्यातल्याच मेहकरच्या अलीकडं. बस फाट्यावर सोडायची, तिथून सर धूळ तुडवत चालत यायचे. झोळीत एक जाड पुस्तक असायचं. फरशी गार लागली की ते खाली घेऊन बसायचे.

मैसूर राज्याचं कर्नाटक होऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि नवा कूळ कायदा आला होता. जो कसतो त्याचं रान. भीमराजचा बाप मालकाचं, म्हणजे गुंडेरावांचं, ओढ्याकडचं रान निम्म्या वाट्यानं कसायचा, बापामागं भीमराज. पावती बापानं मागितली नव्हती, मालकानं दिली नव्हती, आणि पटवाऱ्याच्या पहाणीत दरसाल लिहिलेलं असायचं की गुंडेराव स्वतः कसतात. गुंडेरावांनी आयुष्यात कसलं असेल तर फक्त धोतर. भीमराजनं रानासाठी अर्ज टाकला होता. कागद सगळे मालकाच्या बाजूचे, म्हणून गाडी एका गोष्टीवर येऊन थांबली होती. गिरदावर साहेब, म्हणजे पटवाऱ्याच्या वरचे, जागेवर पंचनाम्याला येणार, शेजाऱ्यांना विचारणार, हे रान कोण कसतं? तिथं भीमराजचं नाव निघालं की रान भीमराजचं.

आणि ते निघणार, ह्यात गावाला शंका नव्हती. कारण गिरदावर येणार येळवशीच्या सुमाराला, आणि येळवस तोंडावर आली होती.

येळवस म्हणजे आमच्याकडची मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं. ज्यानं त्यानं आपापल्या रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, घालायची, आत दगडांचे पाच पांडव मांडायचे, मिसळ भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील करायची आणि वाटेनं जाईल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. ही कोप घालायची ती कसणाऱ्यानं. सातबारा, पहाणी, पट्टा काय असेल ते असो, भावाभावांचं भांडण लागलं तरी पंच पहिलं हेच विचारतात, "तिथं कोप कुणाची असती?" त्याच्यापुढं मग कुणी बोलत नाही.

भीमराजच्या बापानं धम्म घेतला तेव्हा कोपीतले पांडव गेले. कोप राहिली. चांगुणाबाईची, म्हणजे भीमराजच्या बायकोची, आंबील तर अशी की शेजारच्या रानातला हावगेप्पा लिंगायत असूनही बांधापर्यंत यायचा. बांधाच्या आपल्या बाजूला बसायचा, वास घ्यायचा, "छलो आग्याद, भीमण्णा," म्हणून दाद द्यायचा आणि न पिताच ढेकर देऊन परत जायचा.

सरांच्या वर्गाला गुंडेराव मालकसुद्धा यायचे. पुढं गड्याच्या डोक्यावर खुर्ची, मागं मालक. बाकीचे खाली मातीत बसायचे, ते खुर्चीत. सरांना ह्याचं इतकं भरून यायचं की बोलताना ते गुंडेरावांकडंच बघून बोलायचे.

"सरंजामदार स्वतः सरंजामशाहीचा अंत शिकायला येतोय," ते म्हणायचे. "असं कुठंच झालं नसेल!"

खरंच कुठं झालं नसेल. वर्गातला सगळ्यात हुशार विद्यार्थी तोच होता.

येळवशीच्या आधीच्या रविवारी सरांनी पाया आणि इमला शिकवला. "पाया म्हणजे जमीन, नांगर, बैल. कोण राबतं आणि कोण घेतं ते. त्यावर जे उभं राहतं तो इमला. देवधर्म, सणवार, रीतभात, कोर्टकचेरी. पाया बदलला की इमला आपोआप बदलतो."

गुंडेरावांनी खुर्चीतून हात वर केला. "सर, एक शंका हाय. येळवशीची कोप कशात धरायची? पायात का इमल्यात?"

"इमल्यात! अर्थात इमल्यात."

"मंजे कोप न्हाई घातली तरी जमिनीला काई व्हत न्हाई."

"जमिनीला काय होणार? इमला काढला म्हणून पाया हलतो का कधी?"

"लै सोपं करून सांगितलात बगा," गुंडेराव म्हणाले आणि खुर्ची भीमराजकडं वळवली. "ऐकलास न्हवं, भीम्या? चुकलं, कॉम्रेड भीमराज. देव सोडलास, पांडव सोडलास, आन एवढी कोप सुटंना व्हय तुला? सरांचं नाव खराब करायलास."

सर चमकले. अमुक एक गोष्ट आपल्याला सुचायला हवी होती आणि ती भलत्याच माणसाला सुचली, असा चेहरा त्यांनी केला. मग ती आपल्यालाच सुचली असं ठरवून ते उभे राहिले. येळवशीला सुट्टी टाकून ते येतील, रानात न जाता दिवसभर इथंच वर्ग भरेल, आणि वर्गाचे अध्यक्ष असतील कॉम्रेड भीमराज.

आता हे सांगायला पाहिजे की भीमराज खुळा नव्हता. पण त्याला जन्मात 'तुम्ही' म्हणणारा पहिला बामण म्हणजे नरहरराव. भीमराजच्या चुलीपुढं बसून भाकरी मोडणारा पहिला तोच. तो माणूस चार लोकांत अध्यक्ष म्हणतोय म्हटल्यावर भीमराजच्या तोंडून 'नाही' निघेना.

घरात मात्र चांगुणाबाई आंबिलीचं पीठ ताकात कालवत बसली होती.

"कामून घालायची न्हाई कोप?"

"कोप इमला हाय."

"काय हाय?"

"इमला. वरचं. खालचं तेवढं खरं."

"खालचं मंजे?"

"रान."

"मंग त्या रानात कोण राबतंय ते कळावं कसं?"

भीमराजनं डोकं खाजवलं. "ते इतिहास ठरवतो."

"इतिहास येतो व्हय पंचनाम्याला? तुमी तर गिरदावर येतो म्हनला हुता."

भीमराजनं आवाज चढवला. "तुला काई कळत न्हाई."

येळवशीच्या सकाळी सर आले तसं चांगुणाबाईनं त्यांनाच गाठलं. "सर, तुमच्या गावाकडं करत न्हाईत का येळवस?"

सरांचं गाव अफजलपूरकडं, भीमेच्या काठी. ऊस होता, पाणी होतं. सरांनी चष्मा पुसला. "आई करते. कोप घालते मोठी. जुनी माणसं, त्यांच्या मनाला लागतं. शिवाय तिथं जमीन आमची स्वतःचीच आहे, त्यामुळं तसा प्रश्न येत नाही."

"व्हय, मंग न्हाई येत," चांगुणाबाई म्हणाली. आंबिलीचं गाडगं डोक्यावर घेतलं आणि एकटीच रानाच्या वाटेला लागली. कोप नसली तर नसली, केलेली आंबील ती काय उकिरड्यावर ओतणार होती?

वर्गाला अध्यक्ष धरून चारजण होते. एकाला ऐकू यायचं नाही, एकाचा पाय मोडलेला, आणि एकजण सावलीला झोपायला आलेला. सरांनी झोळीतून स्टो काढला. सोबत पातेलंही आणलं होतं.

"प्रमाण वाढत वाढत जातं," ते स्टोला पंप मारत म्हणाले, "आणि एका क्षणी गुण बदलतो. पाणी तापतं, तापतं, तापतं, तरी पाणीच. आणि मग एकदम वाफ! समाज असाच बदलतो. बघत राहा."

स्टो भपकन पेटला, सरांच्या डाव्या भुवईचा गुण बदलला, आणि विझला. दुसऱ्यांदा पेटला तो नुसता पिवळा, धुरकट. सरांनी अध्यक्षांच्या हातात फडकं दिलं आणि पातेलं स्टोवर धरून ठेवायला सांगितलं, कारण स्टोचा एक पाय आखूड होता. भीमराज इतिहासाचं पातेलं दोन्ही हातांनी धरून बसला.

पाणी कोमट झालं असेल-नसेल, तेवढ्यात बाहेरून धापा ऐकू आल्या. चांगुणाबाई पहिल्याच पायरीवर उभी होती. तिथून तिचं डोकं तेवढं दारात दिसत होतं, गाडग्यासकट.

"अवो! रानात कोप उभारलीय! मालकाची! गिरदावराची जीप हाय, समदं गाव जेवायलंय तितं!"

भीमराज अर्धा उठला. पातेलं कललं. सरांनी त्याचं मनगट धरलं.

"कॉम्रेड, दोन मिनिटं. तळाला बुडबुडे धरलेत. हाच तो क्षण आहे!"

"सर, पंचनामा चाललाय तितं."

"पंचनामा इमला आहे!"

आणि भीमराज खाली बसला. हे कुणाला खरं वाटत नाही, पण बसला. इतक्या दिवसांच्या शिकवणीनं माणूस एवढं तरी शिकतोच. चांगुणाबाई दारात डोकं ठेवून बघत राहिली, बहिरा बुडबुड्यांकडं बघत राहिला, आणि स्टोमधलं घासलेट संपलं. पाणी पाणीच राहिलं.

तेव्हा कुठं भीमराज उठला आणि उंबऱ्यावरून उडी टाकून पळत सुटला. पातेलं खाली ठेवायचं त्याला सुचलं नाही.

रानात तोवर काम उरकत आलं होतं. कोप बघण्यासारखी होती, नव्या कडब्याची, वर तांबडं फडकं. गिरदावर साहेब भज्जीत बुडालेले होते. त्यांनी तोंडातला घास गालात सरकवून हावगेप्पाला पुढं बोलावलं. हावगेप्पाची ख्याती अशी की गळ्यातल्या लिंगाची शपथ न घेताही तो खोटं बोलत नाही.

"बोलो अण्णा, या रानात आज कोप कुणाची?"

"गुंडेराव मालकांची."

"दुसऱ्या कुणाची हाय?"

"इल्ल."

"भीमराजची?"

"दरसाल त्याचीच असती, साहेब. आंबील तर अशी..."

"आजचं बोलो, भई. आज हाय का?"

हावगेप्पानं सगळ्या रानावर नजर फिरवली. तो खरा माणूस होता. "आज न्हाई," म्हणाला.

त्या दिवशी त्या रानात एकसुद्धा माणूस खोटं बोलला नाही. पानावर बसलेल्या सगळ्यांनी मान हलवली, आणि कोप कुणाची ते डोळ्यांसमोर होतं.

नेमका तेव्हाच ओढ्याच्या उतारावरून भीमराज पातेलं घेऊन धडधडत आला.

"या, या, कॉम्रेड!" गुंडेराव उठून उभे राहिले. "येळंवर आलात. साहेबाचे हात खरकटे हायत."

गिरदावर साहेबांनी वर न बघताच दोन्ही हात पुढं केले. असे हात पुढं आले की समोरच्याच्या हातातलं भांडं वाकतं. ह्याला विचार लागत नाही, आज्या-पणज्याची सवय पुरते. भीमराजला श्वास लागला होता, बोलायचं होतं, आणि तोंड उघडेपर्यंत पाणी साहेबांच्या हातावर पडायलाही लागलं होतं.

"अरे वा, गरम!" साहेब खूश झाले. मग त्यांची नजर भीमराजच्या चेहऱ्यावर गेली, तिथून गुंडेरावांकडं.

"आता कसला इटाळ, साहेब," गुंडेराव मोठ्यानं हसले. "आमी आता पुढच्या पायरीला चाललोत. आन हे निस्तं हात धुवायला. पिण्याचं येगळं ठिवलंय."

"साहेब, हे रान मी कसतो," भीमराज म्हणाला. पातेलं रिकामं होईपर्यंत थांबून म्हणाला.

साहेबांनी टॉवेलला हात पुसले. पंचनाम्याला त्यांनी शेवटची एक ओळ जोडली. सदर इसम जागेवर मालकाच्या पाहुण्यांची सेवा करताना समक्ष आढळला, सबब तो घरगडी असावा.

अर्ज फेटाळला गेला. गुंडेरावांनी ओढ्याकडचं रान स्वतः कसायला घेतलं, म्हणजे कर्ज काढून ट्रॅक्टर आणला. त्याला हार घालायला सर आले होते. रविवार होता.

भीमराज समाजमंदिराच्या पायरीवर बसला होता. सर त्याच्याजवळ जाऊन बसले, आधी पुस्तक खाली घेऊन.

"मन छोटं करू नका, कॉम्रेड. भावनेच्या आहारी न जाता विचार करा. काल तुम्ही कूळ होता, थोड्या जमिनीला चिकटलेला माणूस. असा माणूस क्रांती करत नाही, त्याला तुकड्याची आशा असते. आज तुम्ही शुद्ध मजूर झालात. गुंडेराव भांडवलदार झाला. दोघंही एकदम एक पायरी वर!"

"मंग मी वर हाय व्हय आता?" भीमराजनं विचारलं.

"निश्चित!"

भीमराजनं मागं वळून बघितलं. उंबरा होता तिथंच होता.

पुढच्या येळवशीला ओढ्याकडच्या रानात पुन्हा कोप उभी राहिली. घातली भीमराजनंच. गावात त्याच्यासारखी कोप कुणाला जमत नाही, म्हणून गुंडेरावांनी त्याला रोजानं लावला होता. सकाळी कोप घालायची, जेवणं उरकल्यावर मोडायची, कडबा म्हशींना टाकायचा. चांगुणाबाई पेंढ्या वाहायला होती. भज्जीला तिचा हात चालत नव्हता, पेंढ्यांना चालत होता.

यंदा सरांना खास निमंत्रण होतं. वर्ग कधीचा बंद पडला होता, विद्यार्थी सगळे मजुरीला जायचे. पण गुंडेराव आपल्या गुरूला विसरले नाहीत. सर कोपीत मांडी घालून बसले, म्हणाले, मी हे केवळ सांस्कृतिक अभ्यास म्हणून बघतोय. मग अभ्यास वाढत गेला. आंबिलीचा तांब्या त्यांनी परत परत पुढं केला, मिशीवरची आंबील जिभेनं टिपली, आणि पुस्तक उशाला घेऊन कोपीतच आडवे झाले. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला.

उन्हं कलली तसे गुंडेराव आले. "भीमराज, काढ आता कोप. म्हशी वरडायल्यात."

"मालक, सर आत हायत."

"आसू दे की. आतल्या मान्साला काई व्हत न्हाई. इमला काढायलास तू."

भीमराजनं एक पेंढी उपसली. मग दुसरी. कडब्याची एक भिंत गेली, दुसरी गेली, माथ्यावरचं तांबडं फडकं सरांच्या पोटावर येऊन पडलं. शेवटी पाच काठ्यांखाली सर उघड्या रानात पडलेले दिसायला लागले, तोंड उघडं, चष्मा कपाळावर. ऊन डोळ्यांवर आलं तेव्हा ते दचकून उठून बसले आणि कोप शोधायला लागले.

समोर चांगुणाबाई पेंढी काखेत धरून उभी होती.

"सर, इच्यारायचं हुतं," ती म्हणाली. "तिसरीवर हुतो तवा तुमी म्हनला म्हून कोप सोडली. चौथीवर आलो आन रान गेलं. आता पाचवीवर जायाला काय सोडावं लागतंय, ते आत्ताच सांगून ठिवा. घरात बगून ठिवते, हाय का न्हाई ते."

सरांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. हे चांगुणाबाई बोलतेय की कुणी पुस्तकातलं, हे कळायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी घड्याळ बघितलं.

"फाट्यावरची बस चुकेल माझी," ते म्हणाले.

"ट्रॅक्टर सोडतो की फाट्यावर!" गुंडेरावांनी हाळी दिली. "चढा ट्रॉलीत."

ट्रॉली उंच होती. सर झोळी सावरत तिच्यापाशी गेले, फळीला हात लावून बघितला, आणि वर कसं जायचं हे न समजून उभे राहिले. मग सवयीनं त्यांनी एक पाय उचलला.

चांगुणाबाई नवऱ्याकडं बघत होती. दिवस अजून मावळला नव्हता, म्हणजे रोज अजून चालू होता.

भीमराज वाकला.